कोरड्या नदीची जूनमधली तपासणी

जूनचा तिसरा शनिवार. महाराष्ट्रात पावसाकडे डोळे लागलेले असतात, तसे ते अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातही लागलेले असतात. तिथला मोसमी पाऊस जुलैत येतो. त्याआधीच्या कडक उन्हाळ्यात शंभरावर स्वयंसेवक पहाटे निघून सॅन पेद्रो नदीच्या पात्रातून चालत जातात. काम एकच: पाणी कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, ते जीपीएस यंत्रावर नोंदवायचं. १९९९ पासून हे दरवर्षी चालू आहे. निवृत्त शिक्षक, विद्यार्थी, पक्षिनिरीक्षक असे साधे लोक ते करतात. पुढे सीमेपलीकडच्या मेक्सिकोतल्या पट्ट्यातही ही मोजणी सुरू झाली.

जूनच का? पावसाळ्यात कुठलीही नदी वाहते. जूनमध्ये मात्र पात्रात जे पाणी दिसतं, ते जमिनीखालून झिरपून आलेलं असतं. त्यामुळे नदी किती ओली आहे यावरून भूजल किती शिल्लक आहे ते कळतं. दम लागणाऱ्या रुग्णाला डॉक्टर चालायला लावून तपासतात, त्यातलाच हा प्रकार.

मेक्सिकोतल्या कानानेआ गावाजवळ उगम पावून ही नदी उत्तरेकडे सुमारे २३० किलोमीटर वाहते. तिच्यावर मोठं धरण नाही. वाळवंटी मुलखात कॉटनवुड आणि विलो या झाडांची हिरवी पट्टी ती जगवते आणि त्या पट्टीत साडेतीनशेच्या आसपास जातींचे पक्षी दिसतात. यातले बरेचसे स्थलांतराच्या वाटेवर थांबणारे. म्हणून १९८८ मध्ये नदीचा सुमारे ६५ किलोमीटरचा भाग संरक्षित झाला. पण संरक्षण मिळालं ते काठाला. नदीला पाणी पुरवणारा भूजलसाठा काठाच्या पलीकडे, सिएरा व्हिस्टा शहर आणि फोर्ट वाचुका लष्करी तळाच्या खाली पसरलेला आहे, आणि तिथे पंप चालू आहेत.

खरी अडचण कायद्यात आहे. अ‍ॅरिझोनाचा कायदा नदीचं पाणी आणि जमिनीखालचं पाणी वेगळं मानतो. निसर्गाला हा भेद ठाऊक नाही. १९८० चा भूजल कायदा फीनिक्स, टूसॉनसारख्या ठरावीक क्षेत्रांतच उपशावर बंधन घालतो. सॅन पेद्रोचं खोरं त्यात नाही. शेजारच्या डग्लस खोऱ्यातल्या मतदारांनी २०२२ मध्ये स्वतःहून असं बंधन मागून घेतलं, विलकॉक्समध्ये मात्र त्याच वेळी ते नाकारलं गेलं. म्हणजे लोकांचं मतही एका बाजूला झुकलेलं नाही. ज्याच्या विहिरीवर घर चालतं, त्याची भीती खोटी म्हणता येत नाही.

२००५ च्या जुलैत चार्लस्टन इथल्या मापनकेंद्रावर प्रवाह शून्य झाला. तिथल्या नोंदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या, आणि त्यांत असं पहिल्यांदाच घडलं. भूजलाच्या उपशाचा त्रास मधुमेहासारखा उशिरा दिसतो. काही किलोमीटरवर आज उपसलेल्या पाण्याचा परिणाम नदीपर्यंत पोहोचायला वर्षं, कधी दशकंही लागतात. म्हणून एका वर्षाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही, सलग पंचवीस वर्षांच्या नकाशांना आहे. प्रक्रिया केलेलं सांडपाणी जमिनीत मुरवण्याची सिएरा व्हिस्टाची सोय २००२ पासून आहे आणि लष्करी तळानेही पाण्याचा वापर बराच कमी केला आहे. अशा उपायांचा नदीला गुण येतो की नाही, हे पडताळायचं तर ही चालत केलेली मोजणी हाताशी लागते. मोजणीने पंप बंद होत नाहीत, हेही तितकंच खरं.

या नदीच्या इतिहासात वैद्यकाचाही एक वाटा आहे, आणि तो अभिमानाचा नाही. एकोणिसाव्या शतकात फासेपारधी तिला बीव्हरची नदी म्हणत. बीव्हर हा कुरतडणाऱ्या वर्गातला मोठा प्राणी, काटक्या-चिखलाचे बांध घालून पाणी अडवणारा. कातड्यासाठी त्याची बेसुमार शिकार झाली. उरलेले बांध दलदल आणि हिवताप पसरवतात म्हणून सुरुंग लावून उडवले गेले. हिवताप खरा होता, छावण्यांतले सैनिक त्याने जेरीस आले होते. पण डासाचा दोष अजून कुणाला माहीत नव्हता. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत तो सापडला १८९७ मध्ये. बांध गेल्यावर पाणी मुरायची जागा गेली आणि पूर पात्र खरवडत गेले.

१९९९ पासून काही वर्षांत डझनभराहून अधिक बीव्हर इथे पुन्हा सोडले गेले. संख्या वाढली, नंतर पुष्कळ घटली. आता टूसॉनमधल्या एका संस्थेचे स्वयंसेवक दोन्ही देशांत फिरून कुरतडलेली खोडं, ताजे बांध, चिखलातल्या खुणा शोधतात. मूळचे बहुतेक मासे मात्र या नदीतून गेले आहेत. तेरा-एक जातींपैकी दोनच टिकून आहेत.

उगमाकडची काळजी वेगळी. कानानेआच्या तांब्याच्या खाणीतून २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुमारे ४०,००० घनमीटर आम्लयुक्त द्रव सुटला. तो दक्षिणेकडे सोनोरा नदीत गेला आणि काठच्या गावांच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. सॅन पेद्रो त्या वेळी वाचली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस याच खाणीचा गाळ तिच्यात आला होता आणि कित्येक किलोमीटरपर्यंतचे जलचर मेले होते.