अंगठ्याचा ठणका आणि बंद केलेली डाळ



गेल्या मार्चमध्ये, कचेरीत वर्षअखेरच्या हिशेबाची गडबड चालू असताना, एका रात्री दोनच्या सुमारास माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यात असा ठणका सुरू झाला की अंगावरची चादरही त्याला लागू देववेना. सकाळी अंगठा लालबुंद आणि गरम. चप्पल घालता येईना. रजा टाकावी लागली. तपासणीत युरिक ॲसिड ८.४ निघाले. पुरुषांत ते साधारण ७ च्या आत आणि स्त्रियांत ६ च्या आत असावे.

बातमी चाळीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. तूरडाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद, उसळी तर बघायच्याही नाहीत! आमच्या सौ. ने तीन महिने माझ्यासाठी वेगळी चूल मांडल्यासारखा स्वयंपाक केला. दुधी आणि पडवळ खाऊन मी विटलो. पुन्हा तपासले तर आकडा ८.१. कारण रविवारची वजडी आणि कलेजी मी सोडलीच नव्हती. ते तर आजारी माणसाचे ताकदीचे खाणे ना!

डॉक्टरांनी नीट समजावले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपल्या पेशींत आणि अन्नात प्युरीन नावाचा घटक असतो. तो मोडला की युरिक ॲसिड तयार होते. त्यातले सुमारे दोन तृतीयांश मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. बाहेर कमी जाऊ लागले की ते रक्तात साठते आणि सुईसारखे खडे होऊन सांध्यात बसते. यालाच गाउट म्हणतात. मूतखडाही होतो.

सर्वात जास्त प्युरीन कलेजी, गुरदा, भेजा, वजडी यांत. मटणाच्या रश्श्यातही ते उतरते. तारली, मांदेली, सुकट हेही त्याच रांगेतले. स्वस्त म्हणून आपल्या ताटात हेच जास्त येते, तरी लोक याला श्रीमंतांचा रोग म्हणतात! डाळी-उसळींचा मात्र उगाच बळी जातो. अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांची १२ वर्षे पाहणी झाली. २००४ साली तिचा निष्कर्ष आला की मांस-मासळीने गाउट वाढतो, डाळी-भाज्यांनी नाही, आणि दूध-दह्याने तो उलट कमी होतो. मजुरी करणाऱ्याच्या घरातली डाळ बंद केली तर त्याने खायचे तरी काय?

दारू दोन्हीकडून मारते. युरिक ॲसिड वाढवते आणि बाहेर जाण्याची वाटही अडवते. बिअर त्यात सर्वात वाईट, पण देशी घेणाऱ्याने खूश होऊ नये. बाटलीतली गोड थंड पेयेही आकडा वाढवतात. वजन कमी करावे, पण हळूहळू. कडक उपासाने युरिक ॲसिड उलट चढते.

पाण्याचे मात्र मला अधिक सांगायचे आहे. उन्हात हमाली करणारे, रस्ते झाडणारे आपले लोक घामाने कोरडे पडतात. आपल्या भगिनी तर कामाच्या जागी मुतारी नाही म्हणून सकाळपासून घोटभर पाणी पीत नाहीत. मुतारीची मागणी ही आरोग्याचीच मागणी आहे, हे मुकादमाला ठणकावून सांगा. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी किती प्यावे हे डॉक्टरांना विचारावे.)

आमच्या शेजारच्या एका टेम्पोचालक भावाने खाडा नको म्हणून दोन वर्षे मेडिकलमधून परस्पर दुखण्याच्या गोळ्या घेतल्या. आज तो आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. घरी दोन मुली शिकताहेत.

नुसत्या पथ्याने आकडा साधारण एकाने उतरतो. वारंवार ठणका येत असेल तर डॉक्टर ॲलोप्युरिनॉल देतात. ती बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. नुसता आकडा वाढलेला आणि त्रास काही नाही, अशांना बहुधा गोळी लागत नाही. ऐन ठणक्यात आकडा कधी कधी सरळ येतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर तसे डॉक्टरांना सांगावे. तिनेही युरिक ॲसिड वाढते.

माझी गोळी चालू आहे, वजडी बंद आहे. आकडा ६.२ वर आलाय. डॉक्टरांना तो ६ च्या खाली हवा. परवा सौ. ने तूरडाळीला लसणाची फोडणी दिली आणि मी तीन वाट्या प्यायलो.