टाकी कीं सुरुंग?

टाकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं, ही म्हण आमच्या सुशिक्षित घरांत फार लाडकी आहे. मुलगा नापास झाला, नोकरी सुटली, कर्ता पुरुष गेला, कीं समाचारास आलेला पाहुणा ती उच्चारल्यावांचून उठत नाहीं. नुकतेंच एका व्याख्यानांत या म्हणीच्या समर्थनार्थ रोआल्ड हॉफमन यांचें चरित्र आम्हीं ऐकिलें. माळ्यावरच्या अंधारानेंच हा रसायनशास्त्रज्ञ घडविला, असा वक्त्याचा निष्कर्ष होता. तो आम्हांस साफ नामंजूर आहे.

हकीकत अशी. हॉफमन यांचा जन्म १९३७ सालीं, त्या वेळीं पोलंडांत व आज युक्रेनमध्यें असलेल्या झोलोचिव्ह गांवीं, ज्यू कुटुंबांत झाला. १९४१ सालीं जर्मन सैन्य आलें आणि हें कुटुंब मजुरांच्या छावणींत डांबलें गेलें. वडील इंजिनियर होते. पहारेकऱ्यांस लांच देऊन त्यांनीं पत्नीला व मुलाला बाहेर काढलें. स्वतः मागें राहिले, सुटकेचा कट उघडकीस आल्यावर १९४३ सालीं मारले गेले. जानेवारी १९४३ पासून जून १९४४ पर्यंत मायलेक एका शाळेच्या माळ्यावर दडून होते. मिकोला ड्यूक या युक्रेनी शिक्षकानें त्यांस आसरा दिला होता. तेथें पडलेल्या भूगोलाच्या पुस्तकांवर आईनें मुलाचा अभ्यास घेतला. युद्धानंतर निर्वासितांच्या छावण्यांतून फिरत ते १९४९ सालीं अमेरिकेस पोंचले. १९८१ सालीं हॉफमन यांस जपानच्या केनिची फुकुई यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां यांत टाकी कोणती? टाकी मूर्तिकाराच्या हातीं असते, आणि त्याच्या मनांत मूर्ति असते. नाझींनीं लाविला तो सुरुंग. दगडाचा चुरा करण्यापलीकडे त्याला हेतु नसतो. चुऱ्यांत एखादा दगड अभंग सांपडला म्हणून सुरुंगाला शिल्पकार म्हणणें, हा तर्क आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माफ करणार नाहीं. दुःखानें थोरवी येत असती, तर ज्या सुमारें ६० लक्ष ज्यूंचा वध झाला त्यांचें काय? त्यांत सुमारें १५ लक्ष मुलें होतीं. त्यांनीं घाव कमी सोसले काय? त्यांच्यांत किती शास्त्रज्ञ होते, हें कळण्याची वाटच त्या घावांनीं बुजविली.

कोणी म्हणेल, वांचलीं तीं सगळींच मुलें कोठें नोबेलपर्यंत गेलीं? आक्षेप रास्त आहे. बुद्धि आणि कष्ट हॉफमन यांचे स्वतःचे. तें श्रेय कोणीं हिरावूं नये. परंतु ती बुद्धि फुलली न्यूयॉर्कच्या सरकारी शाळेंत, पुढें कोलंबिया व हार्वर्ड विद्यापीठांत. माळ्यावर ती केवळ जिवंत राहिली. आणि तीही, ज्यूंस लपविणाऱ्याला देहदंड ठरलेला असतां एका मास्तरानें तो पत्करला म्हणून.

हा वाद केवळ म्हणीचा नाहीं. दुःख माणसाला घडवितें असें एकदां मानलें, कीं दाराशीं आलेल्या दुःखिताला आंत घेण्याची जबाबदारी टळते. १९३८ सालीं फ्रान्समधील एव्हियां येथें ३२ राष्ट्रांचे प्रतिनिधि निर्वासितांच्या प्रश्नासाठीं जमले. सहानुभूतीचीं भाषणें पुष्कळ झालीं. दारें बहुतेकांनीं मिटलेलींच ठेविलीं. त्या दारांबाहेर राहिलेल्यांचीं चरित्रें व्याख्यानांत येत नाहींत.

२००६ सालीं हॉफमन आपल्या मुलासह त्या गांवीं गेले. माळा तसाच होता. तेथील कोठीची खोली मात्र आतां रसायनशास्त्राच्या वर्गांत सामील झाली होती. वक्त्यानें याला नियतीचा खेळ म्हटलें. आम्हांस त्यांत एक शाळा दिसली, आणि तिच्या माळ्यावर पोर लपविणारा एक शिक्षक दिसला. हें चरित्र मुलांना अवश्य सांगा. पण नोबेलच्या आधीं मिकोला ड्यूक हें नांव सांगा.