बाजार बघायचा नसतो, करायचा असतो

मंडळी, गेल्या उन्हाळ्यात सिसिलीला जाऊन आलो. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, आज लिहूनच टाकतो.

पालेर्मो शहरातले प्रसिद्ध जुने बाजार तीन: बालारो, कापो आणि वुच्चिरिया. कधीच न होणाऱ्या गोष्टीला तिथली जुनी माणसं म्हणतात, "वुच्चिरियाच्या फरशा वाळतील तेव्हा." मासळीवरच्या बर्फाचं पाणी दिवसभर वाहायचं, फरशी वाळणार कशी? रेनातो गुत्तुझो या चित्रकाराने १९७४ साली ह्या बाजाराचं मोठं चित्र काढलं. मासे, मांस, फळं, आणि त्यातून अंग चोरून चालणारी माणसं.

आज दिवसा जाऊन बघा. फरशा वाळल्यात. मोजके गाळे उरलेत आणि रात्री दारूची गर्दी.

सुपरमार्केट आली, लोक जुनं शहर सोडून नव्या वस्त्यांत गेले, हे खरंच. पण उरलंसुरलं काम कोण करतंय? आपण. पर्यटक!

मी वेगळा नव्हतो. पहिल्या दिवशी कापोत चाळीसेक फोटो काढले, पानेल्ले (हरभऱ्याच्या पिठाचे तळलेले काप, आपल्या बेसनाचे भाऊबंद) खाल्ले आणि निघालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोबाईल वर केला, तर भाजीवाल्या आजींनी हातानेच विचारलं, घेणार काय? लाजच वाटली. समोर हातभर लांब 'कुकुत्सा' होता. म्हणजे चक्क आपला दुधी! त्याच्या वेलीची कोवळी पानं, 'तेनेरुमी', वेगळी जुडी बांधून ठेवलेली. तिकडे त्यात मोडलेली स्पॅगेटी घालून पातळ कालवण करतात. दोन्ही घेतलं, खोलीवर शिजवलं.

आता कोणी म्हणेल, पर्यटकांमुळे चार पैसे मिळतात की! मिळतात ना. तळणीवाल्याला, बारवाल्याला. भाजीवालीला फोटोचे काय मिळतात? मग एक दिवस तीही हिशेब करते आणि टोमॅटो काढून रंगीत पेयांचे ग्लास मांडते. तिला मी दोष देणार नाही. पण भाजी गेली की रोज पाव किलो वांगी न्यायला येणाऱ्या शेजारणीला तिथे काम उरत नाही. तिचं घरही पर्यटकांच्या खोल्यांत जातं. मीही अशाच एका घरात उतरलो होतो, तेव्हा साळसूदपणाचा आव आणत नाही.

एवढंच म्हणतो, की 'अस्सल स्थानिक अनुभव' हवा म्हणून जिथे जाता, तिथलं अस्सल तुमच्या खरेदीवर टिकणार आहे, स्टेटसवर नाही. सकाळी जा. भाव विचारा. किलो नाही तर अर्धा किलो, पण घ्या. स्वयंपाक जमत नसेल तर फळं घ्या, ऑलिव्ह घ्या.

कॅमेरा नेणारच आहात, सोबत एक कापडी पिशवीही न्या. पटत नसेल तर खुशाल भांडा.