पाच नंबरचे दोघे

मुलांनो, मागच्या अंकात कीबोर्डमधला बिस्किटांचा चुरा कसा काढायचा ते सांगितलं होतं. आज मात्र आधी एक कबुली द्यायची आहे.

रविवारची रात्र होती. सोमवारी सकाळी साडेआठला माझ्या अठरा मुलांची शिष्यवृत्तीची सराव परीक्षा. प्रश्नपत्रिका छापायला घेतली, दोन प्रती निघाल्या आणि प्रिंटर गप्प! कागद होता, शाई होती, दिवासुद्धा लागलेला. पण संगणक म्हणे, प्रिंटर सापडत नाही. आमच्याकडचं झेरॉक्सचं दुकान उघडतं दहाला. काय करणार?

सुट्टीला आलेला माझा भाचा शेजारी टॅबवर गाडी पळवत बसला होता. झालं, सगळा राग त्याच्यावर निघाला. "तूच काहीतरी बटणं दाबली असणार! काल तू येईपर्यंत चांगला चालत होता." तो बिचारा टॅब बंद करून आत गेला. थोड्या वेळाने प्रिंटर आपला आपण सुरू! चार प्रती निघाल्या नि पुन्हा बंद. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मावशी, रागावू नकोस, पण मी टॅब बंद केला की तुझा प्रिंटर चालतो. आत्ता परत लावला, तर बघ, बंद पडला."

मला हसू आलं. टॅबचा नि प्रिंटरचा काय संबंध? पण संबंध होता.

घरातला संगणक, मोबाइल, प्रिंटर हे सगळे राउटरशी जोडलेले असतात. वर्गात जसा हजेरी क्रमांक, तसा त्यांतल्या प्रत्येकाला एक क्रमांक असतो. त्याला म्हणतात आयपी अ‍ॅड्रेस. तो चार आकड्यांचा असतो, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. आमच्या राउटरचा १९२.१६८.१.१ आणि प्रिंटरचा १९२.१६८.१.५. तुमच्याही घरी असलाच क्रमांक दिसला तर दचकू नका. १९२.१६८ ने सुरू होणारे क्रमांक घरात नि कचेरीत वापरायला राखून ठेवले आहेत, तसा नियमच १९९६ साली झाला. तुमच्या वर्गात ५ नंबर असतो आणि पलीकडच्या शाळेतही असतो, कुठे गोंधळ होतो? गोंधळ होतो तो एकाच वर्गात दोन पाच नंबर असले तर.

आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं. नवं यंत्र आलं की राउटर स्वतःच त्याला एक रिकामा क्रमांक देतो. या सोयीला डीएचसीपी म्हणतात. पण प्रिंटरचा ५ हा क्रमांक मी पूर्वी हाताने भरला होता आणि राउटरच्या यादीत तो नव्हताच! शनिवारी भाचा आला तेव्हा प्रिंटर बंद होता. राउटरला ५ रिकामा दिसला, त्याने तो टॅबला देऊन टाकला. मग संगणकाने "पाच नंबर कोण?" विचारलं की कधी प्रिंटर "हजर" म्हणे, कधी टॅब.

खात्री कशी केली ते सांगते, कारण ही युक्ती छान आहे. टॅब चालू ठेवला आणि प्रिंटरची पिन सरळ भिंतीतून काढली. मग संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पिंग' आणि पुढे प्रिंटरचा क्रमांक टाइप केला (आकडे इंग्रजीच हवेत). वीज नसलेल्या प्रिंटरकडून उत्तर येऊच नये ना? पण आलं, एकामागून एक चार! भाचा टाळ्या पिटत नाचायला लागला.

दुरुस्ती सोपी निघाली. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीची हद्द २ ते २५४ होती, ती १०० ते १९९ केली. म्हणजे पाहुण्यांना शंभराच्या पुढचे क्रमांक, प्रिंटरचा ५ त्याच्यापाशीच. मग राउटर बंद करून चालू केला. टॅबला मिळाला १०१.

एक आणखी खूण लक्षात ठेवा. 'आयपीकॉन्फिग' टाइप केलं की विंडोजच्या संगणकाचा स्वतःचा क्रमांक दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला क्रमांक दिलेलाच नाही, त्याने आपला आपणच लावून घेतलाय. अशा वेळी आधी वायर नि वायफाय तपासा. उगाच सेटिंगमधले आकडे बदलत बसू नका. आणि राउटरच्या सेटिंगला हात लावायचा तर आई-बाबांना विचारून, जुने आकडे आधी वहीत उतरवून.

पावणेअकराला अठरावी प्रत निघाली. भाच्याने सगळ्यांना पिना मारल्या. मी "चुकलं रे माझं" म्हटलं, तर म्हणतो कसा, "मग आता टॅब अकरापर्यंत खेळू?" दिला.