तोंडावर सांगा

कराडला प्रीतिसंगमावर आम्ही चौघी मैत्रिणी रोज सकाळी फिरायला जातो. मी पोस्टात कारकून होते, आता निवृत्त आहे. आमच्यातली एक खानावळ चालवते, रोजचे चाळीस डबे. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या 46व्या वर्षी, तिनं 17 नंबरचा फॉर्म भरला आणि दहावीला बसली. ओट्यामागच्या टाइलवर खडूनं लिहिलेली सूत्रं मी पाहिली आहेत. फोडणीची वाफ बसली की पुसट व्हायची, ती पुन्हा लिहायची. निकाल लागला. बाकी सगळे विषय सुटले, गणित राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती घाटाच्या पायरीवर गप्प बसून होती. मीच आधी बोलले, ‘‘जाऊ दे की गं. तुला आता कुठं नोकरी करायचीय?’’ मायेनंच बोलले मी. पण तिचा चेहरा आणखी पडला. पहाटे चारला उठून केलेला सगळा अभ्यास मी त्या एका वाक्यात बिनकामाचा ठरवला होता.

तिसरी मुळात कमी बोलणारी. ती म्हणाली, ‘‘चाळीस गिऱ्हाइकांचा हिशोब तू तोंडी करतेस. कुणाचे किती खाडे, कुणाचा अर्धा डबा, कुणाची मागची बाकी. कागद न घेता. तुला चुकताना मी एकदाही बघितलं नाही. तुला गणित येतं. मांडून दाखवायची सवय नाही, तेवढी लाव.’’

जुलैच्या पुरवणी परीक्षेला ती बसली आणि सुटली.

आपल्याकडं बाईचं कौतुक तिच्या माघारी होतं. तोंडावर केलं तर दृष्ट लागते, असं माझी आजी म्हणायची. म्हणून बाळाच्या गालाला लावावी तशी आपण कौतुकालाही तीट लावतो : ‘पुरणपोळी झकास झालीय, कडा तेवढ्या जाड राहिल्या.’ तोंडावर म्हणायचं ते एवढंच, की बारीक झालीस, साडी कुठनं घेतलीस. चांगलंच आहे तेही. पण जी बाई अंथरुणाला खिळलेल्या सासूचं तीन-तीन वर्षं करते, जी नवऱ्याच्या माघारी दुकान सांभाळते, तिला तिच्या कामाबद्दल कोण काय सांगतं? मोबाइलवर आपण फुलांचा गुच्छ पाठवतो. वाढदिवसाला तोच आणि ऑपरेशनलाही तोच.

कुणी म्हणेल, असं तोंडावर बोलणं म्हणजे हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. मला ते पटत नाही. झाडावर चढवणाऱ्याला समोरची काय करते, याच्याशी देणंघेणंच नसतं. आमची ती मैत्रीण खाडे मोजण्याइतकं जवळून बघत होती, आणि उणं कुठं आहे तेही तिनं लपवलं नाही. म्हणून ते वाक्य कामी आलं. मैत्रिणीचा बेत चुकतोय असं दिसलं तर तेही सांगावं, पण तिची ताकद कुठं आहे हे ठाऊक असलेल्या माणसानंच ते सांगावं.

डॉक्टर आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव आमच्याच खात्यातले, टपाल कारकून. बायकोला अमेरिकेत शिकवायची इच्छा त्यांनी पत्रातून कळवली होती. ते पत्र तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापून आलं आणि 1880 साली न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आलं. कधी न पाहिलेल्या त्या मुलीला या बाईंनी पत्र लिहिलं आणि आपलं घर देऊ केलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. 1883 मध्ये त्या कोलकात्याहून नवऱ्याशिवाय निघाल्या, त्या या मावशीच्या भरवशावर. 1886 मध्ये फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा पंडिता रमाबाई समारंभासाठी इंग्लंडहून गेल्या होत्या. पुढच्याच वर्षी आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. नोकरीत असताना पत्रांवर शिक्के मारता मारता मला कार्पेंटरबाईंचं ते पहिलं पत्र फार आठवायचं. ‘धीर धर’ एवढंच लिहून त्या थांबल्या असत्या, तर ती मुलगी बोटीवर चढली असती का?

आमची ती कमी बोलणारी मैत्रीण गेल्या महिन्यात अंगणवाडीतून निवृत्त झाली. निरोपाला सगळ्यांनी शाल दिली, ‘आता आराम करा’ म्हणाले. मी संध्याकाळी तिच्या घरी गेले आणि घाटावरचं तिचं बोलणं तिला जसंच्या तसं ऐकवलं. म्हटलं, ‘‘तुझ्या त्या बोलण्यावर ती दहावी सुटली. मला ते सुचलं नव्हतं, तुला सुचलं.’’

ती बघतच राहिली. म्हणाली, ‘‘मी असं म्हणाले होते?’’

खानावळवालीला मात्र त्यातला शब्दन्‌शब्द पाठ आहे. मी तिच्याकडूनच उतरवून घेतला होता.