गजराच्या पाठीशी माणूस हवा



एचआयव्हीबाधितांच्या गोळ्या चुकू नयेत म्हणून मोबाईलवर आठवण देणारं ॲप आणा, असा आग्रह वारंवार होतो. एचआयव्हीवरच्या गोळ्या देणाऱ्या एआरटी केंद्रात समुपदेशनाचं काम केल्यामुळे मला हा उपाय अपुरा वाटतो. विसरणं हे एक कारण आहेच. पण सासरी गोळ्यांची डबी लपवावी लागते, केंद्रात यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचं केंद्र दोन जिल्हे मागे राहतं. गजर वाजवून यातलं काहीच सुटत नाही.

केनियातल्या तीन दवाखान्यांनी वेगळी वाट धरली. ५३८ रुग्णांवरचा हा प्रयोग २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. साधारण निम्म्या रुग्णांना आठवड्यातून एकदा एसएमएस जाई: ‘मांबो?’, म्हणजे कसं काय? अडचण आहे असं उत्तर आलं, किंवा दोन दिवसांत उत्तरच आलं नाही, तर दवाखान्यातला माणूस स्वतः फोन करी. वर्षाअखेर या गटातल्या ५७ टक्के रुग्णांचा विषाणू आटोक्यात होता. इतरांत ४८ टक्के. शिवाय संदेशात ना आजाराचं नाव, ना गोळीचं. घरात एकच फोन चौघांच्या हाती फिरतो तिथे हे फार महत्त्वाचं आहे.

आपल्याकडे दक्षिण भारतात ६३१ रुग्णांना दर आठवड्याला यंत्राचा फोन आणि चित्रसंदेश पाठवून पाहिला. २०१४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: उपचार निष्फळ ठरण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. दोन्हीकडची परिस्थिती वेगळी होती, हे मान्य. तरीही नव्या ॲपवर पैसा ओतण्याआधी हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचायला हवेत.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेकडे ‘सोच’ ही संगणक प्रणाली आहे. ठरल्या तारखेला गोळ्या न्यायला कोण आलं नाही, ही यादी रोज सकाळी समुपदेशकापुढे यावी आणि फोन करायला त्याला दिवसातले दोन तास मोकळे मिळावेत. नोंदी भरण्यातच त्याचा दिवस जात असेल, तर त्या कामाला दुसरा माणूस नेमा. आणि ही यादी केंद्राबाहेर कुणाच्याही हाती लागू नये. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. खासगी कंपनीचं ॲप रुग्णाच्या फोनमध्ये घालण्याआधी त्याची माहिती कुठे साठणार, हे त्याला मराठीत, तोंडी, समजावून सांगितलं पाहिजे. त्याने नकार दिला तरी गोळ्या पूर्वीसारख्याच मिळाल्या पाहिजेत.

– एक निवृत्त समुपदेशक, सांगली