जागलीचा कान
पांढरकवडा, राळेगाव, झरी-जामणीच्या पट्ट्यात हरभरा घाट्यावर आला की रात्रीची जागल काही चुकत नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभं पीक लोळवतो, म्हणून माळ्यावर बॅटरी आणि काठीबरोबर सुतळी बॉम्बही असतो. वात आखूड निघाली की तो हाताजवळच फुटतो. कानाला दडे बसतात, आत कुई सुरू होते, आणि ‘सकाळी सुटेल’ म्हणत माणूस तसाच कामाला लागतो. ते सुटेलच असं नाही. एरवी मोठ्या आवाजाला कानातला एक चिमुकला स्नायू आक्रसून थोडा बचाव करतो, पण स्फोट त्याच्याआधीच आत पोचतो. प्रत्येक कानाच्या शंखात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात, आणि मेलेली एकही पुन्हा उगवत नाही. फटाक्याला ४ मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा कायद्याने घातली आहे. जागलीत हे अंतर कोण मोजणार? शिवाय या रानात ऐकू येण्यावर जीव अवलंबून आहे. अवनी वाघीण २०१८ साली याच भागात मारली गेली, वाघांचं टिपेश्वर अभयारण्यही जवळच आहे. कापसाच्या बोळ्यावर विसंबू नका, औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग घ्या. दडे बसले तर कानात तेल मुळीच घालू नका, पडदा फाटलेला असू शकतो. दुसऱ्याच दिवशी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या कानाच्या डॉक्टरकडे जा. औषधांचा काही उपयोग झालाच तर तो पहिल्या काही दिवसांतच होतो.